बंदूक घरात ठेवा, गावात उडवू नका

“तुमच्याकडे बंदुकीला कायदाच नाही म्हणे!” पुण्याहून फोन आला की मामा हे एकदा तरी ऐकवतात. बातम्या पाहून काळजी वाटणारच, त्यांचं चुकत नाही. पण अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या उपनगरात राहायला लागल्यापासून मला एक वेगळी गोष्ट दिसली. बंदूक कोणी बाळगायची यावर इथे लोक हमरीतुमरीवर येतात. ती भरवस्तीत उडवायची नाही, हा कायदा मात्र या देशाच्या जन्माआधीचा आहे.

1721 साली आमचं राज्य पेनसिल्व्हेनिया ही इंग्रजांची वसाहत होती. त्या वर्षी आगीचे अपघात टाळण्यासाठी एक कायदा झाला आणि त्यात एक कलम घातलं गेलं: गव्हर्नरच्या खास परवान्याशिवाय फिलाडेल्फिया शहरात बंदूक उडवायची नाही, शोभेची दारूही नाही. दंड पाच शिलिंग. भरला नाही तर दोन दिवस कोठडी. आगीच्या कायद्यात बंदूक कशी आली, हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. तेव्हाची बंदूक म्हणजे ठासणीचीच. नळीत दारू ओतायची, कागदाचा किंवा चिंधीचा बोळा आणि गोळी घालायची, गजाने ठासायचं. बार निघाला की धुमसता बोळाही बाहेर पडतो. लाकडी छपरांच्या गल्लीत तो कुठे जाऊन पडेल याचा नेम नाही. शहरात आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांचं पथक बेंजामिन फ्रँकलिनने उभं केलं ते 1736 मध्ये, म्हणजे कायद्यानंतर 15 वर्षांनी.

बॉस्टननेही 1746 मध्ये असाच कायदा केला. तिथे दंड 40 शिलिंग.

दुसरं कारण होतं नववर्षाचा धांगडधिंगा. न्यूयॉर्क डचांच्या ताब्यात होतं आणि त्याचं नाव न्यू ॲमस्टरडॅम होतं, तेव्हाच 1655 च्या शेवटच्या दिवशी तिथे हुकूम निघाला की नववर्षाला बंदुका उडवायच्या नाहीत. पेनसिल्व्हेनियाने याच कारणासाठी 1774 मध्ये वेगळा कायदा केला. इथल्या जर्मन वस्त्यांमध्ये नवं वर्ष बार काढूनच सुरू करायची रीत होती. टोळकं घरोघर जायचं, अंगणात हवेत बार काढायचं, यजमानाने खाऊ-पिऊ घालायचं, की पुढचं घर. तिसऱ्या-चौथ्या घरानंतर नेम कसा राहत असेल, याची कल्पना आपली आपण करावी. या जर्मनांपैकी बरेच पुढे दक्षिणेला कॅरोलायनाकडे सरकले. नॉर्थ कॅरोलायनातल्या चेरीव्हिल गावात आजही नववर्षाच्या रात्री जुन्या पद्धतीच्या बंदुका घेऊन लोक घरोघर जातात, आधी शुभेच्छांचं लांबलचक कवन म्हणतात आणि मग बार काढतात. गोळी नसते, नुसती दारू.

फिलाडेल्फियात या प्रथेचं झालं काय? तर मिरवणूक. 1 जानेवारीला ब्रॉड स्ट्रीटवरून ‘ममर्स’ निघतात: अंगावर टिकल्या, डोक्यावर माणसाच्या उंचीचे पिसारे, हातात बॅन्जो आणि सॅक्सोफोन. 1901 पासून ही शहराची अधिकृत मिरवणूक आहे आणि तिच्या जुन्या संघटनेच्या नावात ‘न्यू इयर शूटर्स’ हे शब्द आहेत. थंडीत कुडकुडत आम्ही ती बघतो, मुलांना पिसारे आवडतात. मध्यरात्री लोक दारात येऊन पातेली बडवतात, तेही झकास. तरी हवेत गोळ्या झाडणारे महाभाग अजून आहेत. वर गेलेली गोळी खाली येतेच आणि कुणाचा तरी जीव घेऊ शकते. (लग्नाच्या वरातीत बार काढणाऱ्यांसाठी आपल्याकडेही 2019 च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.)

हे जुने कायदे धूळ खात पडले असते, पण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने त्यांना कामाला लावलं. 2008 च्या हेलर खटल्यात, म्हणजे वॉशिंग्टन शहरातली पिस्तूलबंदी जिथे रद्द झाली त्यात, न्यायमूर्ती ब्रायर यांनी आपल्या विरोधी मतात ते पुढे केले: बघा, शहरांत तेव्हाही बंधनं होतीच. बहुमताच्या बाजूने लिहिणारे स्कालिया म्हणाले, पाच शिलिंगांच्या दंडाला भिऊन कोणी स्वतःचा जीव वाचवायचं थांबलं नसतं. 2022 च्या ब्रुएन निकालाने तर नियमच घालून दिला: बंदुकीवरचा कायदा टिकवायचा असेल, तर तो देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसतो हे सरकारने दाखवावं. आता दोन्हीकडचे वकील जुनी दप्तरं उपसत असतात. मला तर कोर्टात भारत इतिहास संशोधक मंडळाची बैठक भरल्यासारखं वाटतं. गंमत सोडली तरी हे मला पटत नाही. 1791 मध्ये बंदूक बाळगण्याचा हक्क घटनेत घालणाऱ्या पुढाऱ्यांनी एखाद्या गोष्टीवर कायदा केला नाही, म्हणजे तसा कायदा त्यांना नको होता, असं कसं धरायचं? त्यांना सुचलंच नसेल किंवा तेव्हा गरज नसेल.

याच कसोटीवर 2024 मध्ये आमच्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात स्ट्राउड टाउनशिपचा खटला निकाली निघाला. टाउनशिप म्हणजे इथली गावपातळीवरची स्थानिक संस्था. स्ट्राउड पोकोनोच्या डोंगरात आहे. ऑक्टोबरात रंगलेली झाडं बघायला न्यू जर्सीतली निम्मी मराठी मंडळी त्याच बाजूला असतात. तिथे ठरावीक भागांतल्या नेमबाजीच्या मैदानांखेरीज इतरत्र बंदूक उडवायला बंदी आहे. स्वसंरक्षणासारखे अपवाद आहेत. एका रहिवाशाला मात्र स्वतःच्या जागेत सराव करायचा होता. खालच्या न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला होता, सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. वस्तीत बंदूक उडवण्यावर बंधनं घालायची परंपरा वसाहतकाळापासून चालत आली आहे, असं म्हणत त्यांनी नियम कायम ठेवला.

आमचे शेजारी पक्के शिकारी. बंदुकीने हरणांच्या शिकारीचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो, तेव्हा ते भडक नारिंगी जाकीट घालून पहाटे चारला गाडी काढतात. राहत्या घरापासून 150 यार्डांच्या आत, घरच्यांच्या परवानगीशिवाय बंदुकीने शिकार करता येत नाही. ते अंतर त्यांनी मला आमच्या मागच्या कुंपणापासून पावलं टाकत मोजून दाखवलं होतं. मध्ये ओढा लागला, तर बूट काढून पलीकडे गेले आणि मोजणी पूर्ण केली. बंदुकीच्या हक्कावर त्यांच्याशी वाद घालायची माझी प्राज्ञा नाही. स्ट्राउडच्या निकालाबद्दल ते नाराज असतील असं वाटलं, म्हणून विचारलं.

“नाराज कशाला? मी क्लबची वर्गणी भरतो, तिथे मातीचा बांध आहे, देखरेखीला माणूस आहे,” ते म्हणाले. “उद्या तुझ्या नवऱ्याने परसात नेमबाजी सुरू केली, तर टाउनशिपला पहिला फोन माझा जाईल.”