गोळीची वेळ दहाची

सिनेमात कलाकाराचं मन ढासळतं ते नेमकं रंगमंचावर. 'शाइन'मधला (१९९६) पियानोवादक संगीतकार रॅकमॅनिनॉफ यांचा अवघड कॉन्चेर्टो संपवतो आणि तिथंच कोसळतो. 'ब्लॅक स्वान'मधली (२०१०) बॅले नर्तकी नीना भास होत असताना, पोटात जखम घेऊन नाचते आणि तोच तिचा सर्वोत्तम प्रयोग ठरतो. नॅटली पोर्टमनला ऑस्कर मिळालं ते योग्यच. कातडीतून पिसं फुटतात ते दृश्य आठवलं की अजून शहारा येतो. पण या पोरीला मनाच्या डॉक्टरकडे न्या, असं म्हणणारं त्या सिनेमात कोणी नाही.

मी गोव्यातल्या फोंड्याकडचा. आमच्या वाड्यावर देवळाच्या उत्सवाला नाटक हवंच, आणि कित्येक वर्षं प्रॉम्प्टिंग माझ्याकडे आहे. विंगेतून जे दिसतं ते फारसं नाट्यमय नसतं. आमचा एक नायक नाटक जवळ आलं की झोपेनासा व्हायचा. तालमीला चहा-भजी यायची, हा हात लावायचा नाही. पाठ असलेलं वाक्य पुन्हा पुन्हा विचारायचा. लोक कौतुकाने म्हणायचे, भूमिका अंगात भिनलीय. उत्सव संपला, मंडप उतरला, तरी झोप आली नाही, तेव्हा बायकोने त्याला बांबोळीच्या मनोरुग्णालयात नेलं.

औषध लागू पडलं, पण तोंडाला कोरड पडायची. नटाची जीभ टाळूला चिकटली तर शब्द फुटणार कसा? डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, आम्ही प्रत्येक एंट्रीच्या विंगेत पाण्याचा तांब्या ठेवू लागलो. असला तांब्या कुठल्या सिनेमात दिसत नाही. बरं होणं कॅमेऱ्याला कंटाळवाणं वाटत असावं.

'व्हिप्लॅश'वर (२०१४) माझा खरा राग आहे, आणि सिनेमा जबरदस्त आहे म्हणूनच तो जास्त आहे. जॅझ शिकवणारा फ्लेचर मास्तर सांगतो की ड्रमर जो जोन्स याने सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या डोक्यावर झांज भिरकावली, मुंडकं उडायचंच बाकी होतं, आणि त्यातून महान पार्कर घडला. कॅन्सस सिटीतली मूळ गोष्ट अशी की झांज त्याच्या पायाशी टाकली होती. अपमान होताच, पण मुंडकं उडवणं कुठे आणि हे कुठे! याच फ्लेचरच्या छळाने खचलेला एक जुना विद्यार्थी गळफास घेतो. हा मात्र वर्गात अपघात म्हणून सांगतो. सिनेमाला हे सगळं ठाऊक आहे. तरी शेवटी त्याच्या ड्रमर शिष्याचा तो धुवांधार सोलो वाजतो, मास्तर गालात हसतो, आणि आपणही खुर्चीत सरसावून बसतो. म्हणजे छळ फळला!

चैतन्य ताम्हाणेचा 'द डिसायपल' (२०२०) मला यासाठीच जवळचा. शास्त्रीय गाणं शिकणारा शरद रात्री मोटारसायकलवर आपल्या गुरूंच्या गुरू माईंचं रेकॉर्डिंग ऐकत हळूहळू जात राहतो. मनाच्या आजाराचं नावही कोणी घेत नाही, पण आपण कमी पडतोय हे माणसाला वर्षानुवर्षं कसं कुरतडतं ते तिथं दिसतं. आमच्या मंडळातल्या दोघांना तो संथ वाटला. वाटो.

आमचा नायक आता पुन्हा काम करतो. यंदा त्याचं म्हणणं, दोन अंकी नाटक घ्या. तीन अंक रात्री दोनपर्यंत चालतात, आणि त्याची गोळी दहाची. उत्सव समितीतल्या म्हाताऱ्यांना हे पटलेलं नाही. दोन अंकांत कसला उत्सव, म्हणतात. रविवारी पुन्हा बैठक आहे.