शाहू स्टेडियमच्या गावात सॅफची फायनल

4 जुलै 2023 ला बेंगळुरूच्या श्री कंठीरवा स्टेडियमवर सॅफ फुटबॉल स्पर्धेची फायनल होती, भारत विरुद्ध कुवेत. सुट्टी टाकली होती, बेंगळुरूला जाता आलं असतं. पण आदल्या रात्री मी दादरला महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये चढलो. भारत फायनलला गेला तर ती कोल्हापूरकरांच्या घोळक्यात बसूनच बघायची, हे मी स्पर्धा सुरू झाली तेव्हाच ठरवलं होतं.

कारण सांगतो. सॅफ म्हणजे दक्षिण आशियातल्या देशांची स्पर्धा. 1993 मध्ये लाहोरला ती पहिल्यांदा झाली, तेव्हा तिचं नाव सार्क गोल्ड कप होतं. भारत, पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव, भूतान, काही वर्षं अफगाणिस्तानसुद्धा. मी गेली कित्येक वर्षं ही स्पर्धा मनापासून बघतो आणि मुंबईत कुणाजवळ विषय काढला की एकच उत्तर मिळतं, "मालदीव-भूतानच्या मॅचेस काय बघायच्या?" इंग्लंडच्या प्रीमियर लीगसाठी मध्यरात्रीपर्यंत जागणारे मित्रच असं म्हणतात, याचं मला वाईट वाटतं. शेजाऱ्याशी खेळण्यातली चुरस ज्यांना कळते अशा माणसांत मला बसायचं होतं. तशी माणसं कोल्हापुरात गल्लोगल्ली आहेत.

सकाळी मिरज, जयसिंगपूर, हातकणंगले मागे टाकत गाडी रुकडीजवळ पंचगंगेच्या पुलावर आली तेव्हा नदीचं पाणी गढूळ लाल झालं होतं आणि दोन्ही बाजूंना नुसता ऊस. कोल्हापूरला उतरलो तर रिपरिप चालू. स्टेशनवर मित्र गाडी घेऊन आला होता, त्याचं घर शिवाजी पेठेत. काकूंनी पोहे आणि चहा समोर ठेवला आणि काकांनी विचारलं, "फुटबॉल बघायला पावसाळ्यात कोण येतं?"

प्रश्न रास्त होता. कोल्हापूरचा हंगाम दिवाळीनंतर, थंडी पडू लागली की सुरू होतो. आधी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, म्हणजे केएसएची लीग, मग पाऊस येईपर्यंत एकामागून एक बादफेरीच्या स्पर्धा. संघ कुठले? पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ. नावं वाचली तरी लक्षात येतं की कुस्तीच्या लाल मातीतून हे संघ वर आले आहेत. मंगळवार पेठेच्या पाटाकडीलची शिवाजी पेठेच्या शिवाजी मंडळाशी मॅच असली की दोन्हीकडची ईर्षा बघण्यासारखी असते. कधी ती ईर्षा मैदानाबाहेर जाऊन हाणामारीवर येते, ते मला अजिबात पटत नाही. जुन्या खेळाडूंनाही पटत नाही, ते बोलून दाखवतात.

पाऊस थोडा उघडल्यावर आम्ही चालत राजर्षी शाहू स्टेडियमला गेलो. हंगाम संपलेला, फाटक बंद. वॉचमनना मित्रानं हाक मारली, "मामा, मुंबईचे पाहुणे आलेत, नुसतं बघून जातो." आत सोडलं त्यांनी. मैदानावर गुडघ्याखालपर्यंत गवत, गोलपोस्टना जाळ्या नाहीत, गोलच्या तोंडाशी जिथं गोलरक्षक उभा राहतो तिथं तेवढा गवत नसलेला लांबट पट्टा, त्यात पाणी साचलेलं. प्रेक्षक गॅलरीच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलं होतं. आम्ही पायऱ्यांवर बसलो आणि मित्र मला दाखवू लागला, कुठल्या पेठेची माणसं कुठल्या बाजूला बसतात, ढोल कुठं असतात, गोल झाला की कुठला कोपरा आधी उठतो. पंधरा-वीस हजार माणसं समोर आहेत अशा थाटात तो बोलत होता.

ही जागा मुळात तळं होती, रावणेश्वराचं. रावणेश्वर मंदिर आजही शेजारीच आहे. कोल्हापुरात अशी बरीच तळी होती. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, कपिलतीर्थाची मंडई झाली. मला तळी बुजवल्याची हळहळ वाटते, आणि त्याच वेळी हे मैदान या गावाला मिळालं याचा आनंदही होतो. दोन्ही खरं आहे.

खासबाग मैदान इथून जवळच, 1912 साली शाहू महाराजांनी बांधलेलं. तेही पाहिलं. दुपारी काकूंच्या हातचा तांबडा-पांढरा झाला. त्यावर लिहिणारे खूप आहेत, मी पुढे जातो.

संध्याकाळी सातलाच मित्राच्या गल्लीतल्या तालमीत गेलो. खाली आखाडा, मातीला तेल-हळदीचा वास, भिंतीवर मारुती. वरच्या खोलीत टीव्ही. जिन्याच्या भिंतीवर फुटबॉल संघाचे फोटो ओळीनं लावलेले, सगळ्यात जुन्या फोटोत खेळाडूंच्या पायात बूटसुद्धा नाहीत. गल्लीच्या तोंडाला डिसेंबरातल्या वर्ल्ड कपच्या वेळी रंगवलेला मेस्सी अजून होता, पावसानं निम्मा धुतलेला. वर्ल्ड कपच्या महिन्यात इथं अर्धी पेठ अर्जेंटिनाची आणि अर्धी ब्राझीलची असते.

खोलीत पोरंटोरं, कामावरून थेट आलेली माणसं आणि एक पांढऱ्या मिशांचे मामा. ते एकेकाळी पेठेच्या संघाचे गोलरक्षक. उजव्या हाताची करंगळी वाकडी, बोटाचं वरचं पेर बाहेरच्या बाजूला वळलेलं. मला म्हणाले, "मुंबईस्नं आलाय नव्हं? या, पुढं बसा."

मॅच सुरू होण्याआधीच वाद पेटला. एका पोरानं विचारलं, "कुवेत दक्षिण आशियात येतंय व्हय? आन् लेबनॉन?" मामा म्हणाले, "आपल्या टीममदी नायजेरियाची पोरं खेळत्यात, तवा इचारतोस का?" यावर खोलीत जो गलका झाला तो थांबेना. बाहेरचे खेळाडू आणावेत की नाही हा कोल्हापूरचा जुना वाद. त्यांच्यामुळे खेळ वेगवान झाला म्हणणारे एका बाजूला, पेठेच्या पोराला बाकावर बसावं लागतं म्हणणारे दुसऱ्या बाजूला.

मला जेवढं माहीत होतं ते मी सांगितलं. अफगाणिस्तान 2015 ची स्पर्धा खेळून मध्य आशियाच्या संघटनेत गेला, श्रीलंकेवर फिफाची बंदी होती, उरले सहाच देश. म्हणून कुवेत आणि लेबनॉन पाहुणे म्हणून बोलावले. माझं मत विचाराल तर फार चांगलं झालं. आपण गटात पाकिस्तानला 4-0 हरवलं, सुनील छेत्रीची हॅटट्रिक झाली, नेपाळला 2-0 हरवलं. पण घाम निघाला तो कुवेतसमोर, 1-1, तेही अखेरच्या मिनिटांत आपल्याच अन्वर अलीच्या पायाला लागून गोल झाला म्हणून. उपांत्य सामन्यात लेबनॉननं टायब्रेकरपर्यंत, म्हणजे पेनल्टी किकांपर्यंत नेलं.

मामांचं म्हणणं मात्र वेगळं. "पाहुणं येऊंदेत. पर शेजारी कच्चा समजू नगासा." आणि ते बरोबर आहेत. 1995 ला कोलंबोत श्रीलंकेनं आपल्याला फायनलमध्ये गोल्डन गोलवर हरवलं, म्हणजे जादा वेळेत पहिला गोल करेल तो जिंकला. 2003 ला ढाक्यात बांगलादेश जिंकला. 2008 आणि 2018, दोन्ही वेळा मालदीवनं फायनलला आपल्यालाच हरवलं. 2013 ला काठमांडूत अफगाणिस्ताननं 2-0. आणि भूतान! 2008 च्या उपांत्य सामन्यात त्यांनी आपल्याला जादा वेळेपर्यंत झुंजवलं होतं, 2-1 ने कसेबसे सुटलो. आठ लाख लोकवस्तीचाही नसलेला देश. मी हे सांगत होतो आणि खोलीतली माणसं कान देऊन ऐकत होती, कारण छोट्या गल्लीच्या संघानं मोठ्या पेठेला पाडल्याच्या गोष्टी त्यांच्याकडेही ढीगभर आहेत. मुंबईत हे मला कधीच कुणी ऐकू दिलं नव्हतं.

चौदाव्या मिनिटाला कुवेतच्या शबीब अल खाल्दीनं गोल मारला आणि खोली गप्प झाली. भारताचे तेव्हाचे प्रशिक्षक इगोर स्टिमॅक यांना स्पर्धेत दुसऱ्यांदा रेड कार्ड मिळाल्यामुळे ते बाकावर नव्हते, गोव्याचे महेश गवळी संघ सांभाळत होते. "गवळी डिफेन्समदला माणूस, घाबरायचा न्हाई," मागून कुणीतरी म्हणालं. मग अडतिसाव्या मिनिटाला तो गोल. छेत्रीचा पुढे सरकवलेला पास, सहल अब्दुल समदनं तो आडवा दिला आणि छांगतेनं जाळीत घातला. जो उठला तो दुसऱ्याच्या अंगावर पडला. मामांनी खुर्चीच्या हातावर वाकडी करंगळी आपटत "सहल, सहल" म्हटलं. गोल छांगतेचा, पण कौतुक पास देणाऱ्याचं. खेळलेल्या माणसाची नजर अशी असते.

उत्तरार्ध आणि जादा वेळ यात फारसं काही घडलं नाही, पाय जड झाले होते दोन्हीकडचे. 1-1. टायब्रेकर.

आता मामा उठून टीव्हीशेजारी उभे राहिले. आपला गोलरक्षक गुरप्रीत, त्याच्याकडे बोट दाखवून पोरांना सांगू लागले, "त्येचा पाय बघा, हातांकडं बघू नगा. आधी हललाय का बघा." छेत्रीनं पहिली किक मारली. कुवेतची पहिली आडव्या खांबाला लागली, खोलीत शिट्ट्या. पण आपली चौथी किक उदांताची, बाहेर. पाच-पाच किका झाल्या तेव्हा 4-4. सडनडेथ, म्हणजे आता एकेक किक, जो चुकेल तो हरला. आपल्या महेश नाओरेमनं मारला, 5-4. कुवेतचा कर्णधार खालेद हजिया आला. गुरप्रीत शेवटच्या क्षणापर्यंत थांबला आणि डावीकडे झेपावला. अडवला!

पुढची काही मिनिटं मला नीट सांगता येणार नाहीत. खाली आखाड्यात पोरं मातीत लोळत होती, रस्त्यावर कुणीतरी हलगी काढली, पावसात भिजत माणसं मिरजकर तिकटीच्या चौकाकडे गाड्या घेऊन निघाली. भारताचं हे नववं विजेतेपद. स्टेडियममधले हजारो लोक टीव्हीवर गात होते आणि इथले त्यांना साथ देत होते.

मी मामांना विचारलं, कोल्हापूरचा पोरगा कधी दिसणार यात? ते म्हणाले, "अनिकेत गेला की." अनिकेत जाधव, 2017 चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळलेला इथलाच पोरगा. भारतानं खेळलेला तो पहिलाच फिफा वर्ल्ड कप, आणि त्यात कोल्हापूर होतं. मग थोडं थांबून म्हणाले, "पर एकानं भागत न्हाई. पोरं हायेत, पाय हायेत. बारक्या वयात शिकवणारं पायजेत." याच्याशी मी शंभर टक्के सहमत आहे. इतकं वेड असलेल्या गावातून राष्ट्रीय संघात सातत्यानं खेळाडू जायला हवेत. वेडाच्या जोडीला बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी चांगले प्रशिक्षक आणि वर्षभर वापरता येणारी मैदानं लागतात, ती अजून पुरेशी नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिसळ खायला गेलो तर शेजारच्या टेबलावर गुरप्रीतचा विषय पाच मिनिटांत आटपला होता आणि पुढच्या हंगामात कोण कुठल्या तालमीकडून खेळणार यावर खडाजंगी चालू होती.

तुम्हाला जायचं असेल तर पावसाळा टाळा, लीग सुरू झाल्यावर जा. दुपारची मॅच असेल तर उन्हाकडची बाजू सोडून बसा, टोपी आणि पाणी बरोबर ठेवा. शेजारी बसलेल्या माणसाला आधी विचारा, तो कुठल्या पेठेचा आहे, म्हणजे गोल झाल्यावर कधी ओरडायचं ते कळेल. आणि पाटाकडील-शिवाजी मॅच असेल त्या दिवशी निदान तासभर आधी पोचा. मी या वर्षी त्याच मॅचला जाणार आहे.