धूमकेतूची शेपटी मागं का नव्हती?

१९९७ च्या मार्च-एप्रिलमध्ये हेल-बॉप धूमकेतू संध्याकाळी वायव्येला नुसत्या डोळ्यांनी दिसायचा. मी तेव्हा मंगळवेढा भागात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होतो. सातवीच्या मुलांना मी काम दिलं होतं: अंधार पडला की वहीत आजूबाजूचे तारे काढायचे, धूमकेतूच्या जागी फुली मारायची आणि शेपटी जिकडं असेल तिकडं रेघ ओढायची.

पाडव्याच्या आदल्या दिवशी अमावास्या होती. त्या रात्री सगळ्यांना शाळेच्या मैदानावर बोलावलं. मुलांबरोबर घरची माणसंही आली. शेंडेनक्षत्र दिसणं बरं नव्हे, असं एकदोघं म्हणत होते, पण दोन शेपट्या ओळखू आल्यावर तेही मान वर करून उभे राहिले. एक शेपटी रुंद, पिवळसर पांढरी, किंचित वाकलेली. दुसरी बारीक, सरळ आणि फिकट निळी. नजर जरा बाजूला ठेवली की ती जास्त नीट दिसायची.

एक मुलगी वही घेऊन आली. "गुरुजी, ह्यो रोज वर डावीकडं सरकतोय. मग शेपटी खाली उजवीकडं पायजे. ती वर उजवीकडं कशी?"

तिच्या फुल्या देवयानी तारकासमूहातून ययाती तारकासमूहात गेलेल्या होत्या आणि तिचं म्हणणं अगदी खरं होतं. पुस्तकांत धूमकेतू पुढं आणि शेपटी मागं असंच बहुतेकदा काढतात. ते चित्र मला आजही खटकतं, कारण त्यात सूर्यच नसतो.

"सूर्य कुठं बुडाला ते दाखव," मी म्हणालो. तिनं पश्चिमेला हात केला. "आता तिथनं धूमकेतूपर्यंत रेघ ओढ आणि तशीच पुढं ने." तिनं हवेत बोट फिरवलं. बोट थेट शेपटीवर गेलं.

मग मी सगळ्यांना सांगायला लागलो. धूमकेतूचा गाभा बर्फाचा आणि धुळीचा. सूर्याजवळ आला की त्या बर्फाचं पाणी होत नाही, एकदम वायूच होतो, आणि सुटताना तो धूळही बरोबर नेतो. धुळीवर सूर्यप्रकाशाचा दाब पडतो. तो फार थोडा असतो, पण बारीक कणांना सूर्यापासून दूर रेटायला पुरतो.

एक म्हातारबुवा मागून म्हणाले, "म्हंजी उफणणीच की ओ गुरुजी!" ज्वारीची खळी नुकतीच झाली होती. वावडीवरून सोडलेल्या राशीतला दाणा पायाशी पडतो, भुसा लांब जातो. जड कण आणि बारीक धूळ यांचंही तसंच होतं. फक्त इथं वाऱ्याचं काम उजेड करतो, हे मी मुद्दाम पुन्हा सांगितलं. लांब रेटलेले कण सूर्याभोवती फिरताना मागं पडतात, म्हणून धुळीच्या शेपटीला बाक येतो.

निळ्या शेपटीची गोष्ट वेगळी. सूर्याच्या अतिनील किरणांनी वायूच्या रेणूंतले इलेक्ट्रॉन निघून जातात. असे विद्युतभारित रेणू, म्हणजे आयन, सौरवाऱ्याच्या (सूर्यातून सतत बाहेर वाहणाऱ्या विद्युतभारित कणांच्या) चुंबकीय क्षेत्रात सापडतात आणि जवळजवळ सरळ रेषेत ओढले जातात. सौरवारा सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगानं वाहतो. या शेपटीतल्या कार्बन मोनॉक्साइडच्या आयनांमुळं निळा रंग दिसतो. सूर्यातून असं काहीतरी सतत वाहत असलं पाहिजे, हे जर्मन खगोलशास्त्रज्ञ लुडविग बिअरमान यांनी १९५१ साली धूमकेतूंच्या शेपट्यांवरूनच ताडलं होतं. अवकाशयानं उडायच्या आधी, नुसत्या शेपटीवरून! मला हे फार मोठं वाटतं. हेल-बॉपला तर सोडियमच्या अणूंची तिसरी शेपटीही होती. ती त्याच एप्रिलमध्ये स्पेनच्या ला पाल्मा बेटावरच्या दुर्बिणीतून सापडली.

"एक तारखेला तो सूर्याच्या सगळ्यात जवळ होता. आता परत निघालाय," मी म्हणालो.

"मग आता शेपटी पुढं आणि तो मागं?" मुलगी म्हणाली. मी मान डोलावली.

पाडव्याची सुट्टी संपल्यावर फळ्यावर सूर्य काढला, त्याच्याभोवती लांबट कक्षा काढली, कक्षेवर चार ठिकाणी ठिपके दिले आणि खडू तिच्या हातात दिला. चारही शेपट्या तिनं बरोबर काढल्या: सूर्यापासून दूर असताना आखूड, जवळ आल्यावर लांबलचक आणि परतीच्या वाटेवर धूमकेतूच्या पुढं.