पाच हजारांत खिशातला ॲम्प: २५० ओहमचा हिशेब

मागच्या नोंदीत डीटी ९९० प्रो हा हेडफोन घरात आल्याचं सांगितलं होतं. २५० ओहम इम्पीडन्सचा (म्हणजे विजेला होणारा अडथळा), सेकंडहँड, कानावरच्या गाद्या चेपलेल्या पण ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग) ठणठणीत. तेव्हापासून भेटेल त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "मग ॲम्प (म्हणजे सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर) कुठला घेतलास?" आता घेतलाय. पण घेण्याआधी जो हिशेब मांडला तोच सविस्तर लिहितो, कारण तो कागदावर उतरल्यावर निम्मी यादी आपोआप गळाली.

अटी अशा. पाच हजारांच्या वर एक रुपया नाही. गाणी फोनमध्येच, आणि फोनला ३.५ मिलिमीटरचं हेडफोनचं भोक नाही. (आयफोन ७ ने २०१६ मध्ये ते काढलं तेव्हा अँड्रॉइडवाले हसले होते. पुढे त्यांच्यावरही तीच वेळ आली.) ऐकण्याच्या जागा दोन. रात्री जेवणं झाल्यावर गच्चीवर डीटी ९९०, आणि मुंबईचं काम निघालं की पंचवटी एक्सप्रेसमध्ये आयईएम, म्हणजे कानात घालायचे इयरफोन. डीटी ९९० ओपन-बॅक आहे, म्हणजे कपाची मागची बाजू उघडी, तो गाडीत नेण्यात अर्थ नाही. कसाऱ्याचा घाट उतरताना डब्याचा खडखडाट आत येतो आणि आपला तबला शेजारच्या पासधारक काकांना फुकटात ऐकू जातो. म्हणजे एकाच उपकरणाने २५० ओहमही ओढायचं आणि १६ ओहमच्या नाजूक आयईएमवर सूंऽ असा आवाजही काढायचा नाही.

आता हिशेब. या हेडफोनची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक पॉवरला किती आवाज निघतो ते, कंपनीने दिली आहे एका मिलिवॅटला ९६ डीबी (डेसिबल). २५० ओहममध्ये एक मिलिवॅट घालायला बरोबर अर्धा व्होल्ट लागतो. व्होल्ट दुप्पट केले की ६ डीबी वाढतात. अर्ध्या व्होल्टला ९६, एकाला १०२, दोनला १०८, चारला ११४. एवढा पाढा पाठ असला की जाहिरातीतले मिलिवॅट वाचून कुणी आपल्याला गुंडाळू शकत नाही. ते आकडे बहुतेक वेळा ३२ ओहमवरचे असतात. "६० मिलिवॅट" ऐकायला दणदणीत वाटतं, पण ३२ ओहमवर ६० मिलिवॅट म्हणजे जेमतेम १.४ व्होल्ट. तेवढेच व्होल्ट २५० ओहमला दिले तर हातात आठ मिलिवॅटसुद्धा पडत नाहीत, आवाज १०५ डीबीच्या आसपास. काही उपकरणं ३२ ओहमवर करंट कमी पडल्यामुळे अडतात आणि जास्त ओहमवर त्यांचे व्होल्ट वाढतात, त्यामुळे हा नियम काळ्या दगडावरची रेघ नाही. म्हणून ३०० किंवा ६०० ओहमवरचा व्होल्टचा आकडा दिला असेल तर तो बघायचा. तो कुठेच दिलेला नसेल तर मी पुढे जातो.

बरं, एका व्होल्टला मिळणारे १०२ डीबी कमी आहेत का? जागतिक आरोग्य संघटना सांगते ८० डीबी, आठवड्याला ४० तास, त्याच्या वर कानाला धोका. मी सरासरी ७५च्या आसपास ऐकतो. चांगल्या रेकॉर्ड झालेल्या मैफलीत तबल्याची थाप सरासरीच्या वीस डीबी वर गेली तरी ९५. म्हणजे कागदावर एक व्होल्टाचं साधं डोंगल (फोनच्या यूएसबीत खोचून हेडफोन जोडायचं छोटं उपकरण) पुरतं! मग लोक ॲम्प ॲम्प करून का ओरडतात?

इथे माझं मत बहुतेकांपेक्षा जरा वेगळं आहे. डीटी ९९० ला ॲम्प हेडफोनसाठी लागत नाही, इक्वलायझरसाठी (सुरांच्या वेगवेगळ्या पट्ट्या वरखाली करण्याची सोय) लागतो. या हेडफोनचा ८ किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे तीक्ष्ण सुरांत, उंचवटा आहे, तिथे आवाज जास्त येतो. अभंगाचं रेकॉर्डिंग लावा, टाळ सुरू झाले की दोन मिनिटांत डोळे बारीक होतात. "ॲम्प बदलला की टोक मऊ होतं" हे मी कितीदा ऐकलं असेल, पण ज्याचा आउटपुट इम्पीडन्स (ॲम्पचा स्वतःचा अडथळा) एक-दोन ओहम आहे असा कुठलाही धड ॲम्प २५० ओहमच्या हेडफोनचा ८ किलोहर्ट्झचा उंचवटा खाली आणू शकत नाही. ते काम इक्वलायझरचं. मी वेव्हलेट हे फोनमधलं इक्वलायझर ॲप वापरतो. टाळ खाली घेतले, खालचा खर्ज आणि मधला भाग थोडा वर घेतला. वर घेतलं की क्लिपिंग (सिग्नल मर्यादेबाहेर जाऊन आवाज फाटणं) टाळायला ॲपमधला प्रीॲम्प, म्हणजे एकूण पातळी, उणे ६ डीबी करावा लागतो. झालं, एक व्होल्टाचा अर्धा व्होल्ट उरला आणि १०२ चे ९६ झाले. त्यात जुनी मैफल लावली, जिचं रेकॉर्डिंगच मुळात आठ-दहा डीबी दबून केलेलं आहे, की हातात उरतात ८६-८८. आलाप ऐकू येतो, पण आवाज शेवटच्या काडीपर्यंत नेऊनही समेवर दम नाही. दोन व्होल्ट असले तर हाच हिशेब ९२-९४ वर येतो. माझी गरज तिथे संपते.

मग उमेदवार. ॲपलचं डोंगल, हजाराच्या आतबाहेर. साधारण एक व्होल्ट देतं, आउटपुट इम्पीडन्स एक ओहमच्या आसपास, मोजमापात भल्याभल्यांना लाजवतं. यात दोन गोम. युरोपात विकलं जाणारं मॉडेल अर्धाच व्होल्ट देतं, आणि अँड्रॉइडला लावलं की पुरा आवाज निघत नाही, ज्यावर यूएसबी थेट ताब्यात घेणारं प्लेअर ॲप वापरणं हाच उपाय. तसं ॲप घेतलं तर वेव्हलेट बाजूला पडतं. आयईएमसाठी उत्तम, माझ्या कामाचं नाही.

नुसता ॲनालॉग पोर्टेबल ॲम्प, बॅटरीवाला, फिओच्या जुन्या ए किंवा ई सिरीजसारखा: सेकंडहँड मिळतो, पण त्याच्या आधी डोंगल लागतंच. फोन, डोंगल, वायर, ॲम्प, वर रबरबँड. गच्चीवर पाय मोकळे करताना ही वरात नको.

क्युडेलिक्स ५के हा छोटा ॲम्प मनात फार भरला होता, कारण इक्वलायझर उपकरणातच राहतो आणि ब्लूटूथही आहे. बजेटच्या बाहेर. पुढचा विषय.

राहिला सीमॉय, म्हणजे घरी बांधायचा बॅटरीवरचा छोटा ॲम्प. इंदिरानगरचा आमचा एक मित्र मुखवासाच्या स्टीलच्या डबीत तो बांधून बसलाय आणि मला रोज भरीला घालतो. "तू फक्त डबी आण रे, बाकी माझ्याकडे सगळं पडलंय." चू मॉय यांचं मूळ डिझाइन मला मनापासून आवडतं, सोल्डरिंग शिकायला याहून गोड प्रकल्प नाही. पण पुन्हा पाढा म्हणा. ९ व्होल्टची एक बॅटरी म्हणजे वर साडेचार, खाली साडेचार. ओपीए२१३४ सारखा ऑपॲम्प (सिग्नल वाढवणारी चिप) जड लोडवर दोन्ही टोकांना दोन व्होल्टच्या वर जागा सोडतो. शिखराला उरतात दोनेक व्होल्ट, म्हणजे आरएमएस (वरच्या पाढ्यातला, सरासरी ताकदीचा व्होल्ट) १.४. एवढी खटपट करून १०५ डीबी, आणि तेही बॅटरी ताजी असताना. दोन बॅटऱ्या लावल्या तर गोष्ट वेगळी. २०११ मधला ऑब्जेक्टिव्ह २ हा ॲम्प तेच करतो, ९ व्होल्टच्या दोन रिचार्जेबल, आणि फार सुरेख करतो. पण तो खिशात मावत नाही आणि डोंगलची गरज त्यालाही आहेच.

सगळं चाळून हातात राहिली ती सीएस४३१३१ चिपची डोंगलं, ३.५ वर दोन व्होल्टवाली. यात दोन चिपा आणि ४.४ मिलिमीटरचं बॅलन्स्ड (दोन्ही कानांच्या तारा पूर्ण वेगळ्या) भोक असलेली मूनड्रॉप डॉन प्रोसारखी मॉडेलं आहेत, ४.४ वर चार व्होल्ट देतात. मोह झाला. पण डीटी ९९० प्रोची ती गुंडाळीची वायर कपात कायमची जोडलेली आहे. ४.४ लावायचं तर कप उघडून चार तारांची नवी वायर टाकायची, आणि वरचा हिशेब सांगतो की ते सहा डीबी मला नकोच आहेत. म्हणून एका चिपचं, फक्त ३.५ चं डोंगल घेतलं. अडीच हजारांच्या आसपास गेले. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, याच चिपची बरीच डोंगलं बाजारात आहेत. पॅकिंगवर विश्वास ठेवण्यापेक्षा मोजून घेतलेलं बरं.

मोजायला फार काही लागत नाही. एम.जी. रोडच्या मागच्या गल्लीत एका स्पेअरपार्टच्या दुकानात गेलो.

"काका, २५० ओहमचा रेझिस्टर आहे का? पाव वॅटचा चालेल."

"२५० येतच नाही. २२० घे, सगळ्यांना २२० च लागतो."

"मग सोबत ३३ पण द्या."

२२० आणि ३३ एकामागे एक जोडले की २५३. लाल-लाल-तपकिरी आणि नारिंगी-नारिंगी-काळा. शिवाय एकटा ३३ मोजणीत आयईएमच्या जागी डमी म्हणून चालतो. एका ३.५ च्या प्लगला टोक आणि बूड अशा दोन ठिकाणी तारा डकवल्या, फोनच्या टोन जनरेटरवर १०० हर्ट्झची साइन (शुद्ध सूर) फुल स्केलला, म्हणजे सर्वांत मोठ्या पातळीला, लावली, आवाज पूर्ण, आणि मीटर एसीवर. एक सावधगिरी: घरोघरी असतो तो पिवळा डीटी-८३० मीटर इथे कामाचा नाही, त्याची एसी रेंज २०० व्होल्टपासून सुरू होते आणि दोन व्होल्ट त्यात हरवून जातात. मी अंबडच्या कंपनीतल्या मेंटेनन्सवाल्या दादांकडून २ व्होल्ट एसी रेंजचा मीटर दोन दिवसांसाठी मागून आणला. टोन चालू असताना हेडफोन लावायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

२५३ ओहमवर १.९ आणि वर काही. पाढ्याप्रमाणे १०७ ते १०८, पैसे वसूल. ३३ ओहमवर पूर्ण आवाजाला आकडा बराच उतरला, तिथे करंटची मर्यादा आड येते. पण आयईएमला इतका आवाज दिला तर कान जातील, त्यामुळे ते दुखणं नाही. मग आवाज खाली आणून आउटपुट इम्पीडन्स काढला. लोड नसताना १.०० व्होल्ट येतील एवढा आवाज ठेवायचा, मग ३३ ओहम जोडून पुन्हा बघायचं. ०.९७ आले तर ३३ गुणिले (१ भागिले ०.९७, वजा १), म्हणजे साधारण एक ओहम. माझा आकडा याच्याच आसपास आला. बॅलन्स्ड आर्मेचर (एक वेगळ्या प्रकारचा ड्रायव्हर) असलेल्या आयईएमवाल्यांनी ही चाचणी नक्की करा. त्यांचा इम्पीडन्स फ्रिक्वेन्सीप्रमाणे वरखाली होतो, आणि डोंगल दहा ओहमचं निघालं तर आयईएमचा सूरच बदलतो.

गच्चीवरचा अनुभव थोडक्यात. टाळ आता टाळासारखे वाजतात, सुईसारखे नाहीत. डग्ग्याचा घुमार शेपटीपर्यंत ऐकू येतो. दबलेल्या जुन्या रेकॉर्डिंगलाही आवाज पाऊणपट्टीतच राहतो. यात डोंगलच्या "स्वभावा"चं श्रेय मी शून्य देतो, व्होल्ट आणि इक्वलायझर एवढंच. एक त्रास मात्र आहे. फोनची ओटीजी सेटिंग (यूएसबीला बाहेरचं उपकरण जोडू देणारी) काही मिनिटं वापर नसला की आपोआप बंद होते, आणि मध्ये खाली जाऊन चहा घेऊन आलं की पुन्हा सेटिंगमध्ये शिरावं लागतं. काही फोनमध्ये ही गंमत असते, डोंगल मेलं समजून परत करू नका.

गाडीत अजून एक गोष्ट तपासायची आहे. घाटात रेंज जाते-येते, फोन मध्येच २जी वर उतरतो, आणि तेव्हा डोंगलच्या वायरीत ती ओळखीची टर्र टर्र शिरते. २१७ हर्ट्झची जीएसएमची (२जी मोबाइल नेटवर्कची) धडधड. फोन फ्लाइट मोडवर टाकून गाणी मेमरीतून वाजवली तर ती जावी. पुढच्या पंचवटीच्या फेरीत ते बघतो. उरलेल्या पैशांतून डीटी ९९० च्या नव्या गाद्या मागवल्या आहेत. गाद्या बदलल्या की टोकाचा सूर पुन्हा हलणार, म्हणजे इक्वलायझर नव्याने लावणं आलं. सध्याची सेटिंग हवी असेल त्यांनी आताच मागून घ्या.