शंभराचे तीनशे

सकाळचे 9 वाजून 20 मिनिटं. धरमपेठेतल्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात काका तर्री-पोह्याची प्लेट धरून माझ्या खुर्चीमागे उभे. कळमन्याला त्यांची मिरचीची आडत, शेअरचा नाद जुना. त्यांच्या पैशावर आमचा आपोआप शेअर घेणारा-विकणारा प्रोग्राम त्या दिवशी पहिल्यांदा खऱ्या बाजारात उतरला होता. पाच मिनिटांची पहिली कँडल, म्हणजे तेवढ्या वेळातल्या भावांची पट्टी, बंद झाली, खरेदीची ऑर्डर गेली. घ्यायचे होते शंभर शेअर. पोझिशनमध्ये, म्हणजे हातातल्या सौद्यांत, दिसले तीनशे.

"हे काय बे?" जोडीदार ओरडला. मी आधी प्रोग्राम बंद केला, मग ॲपवरून हातानं दोनशे विकले. तेवढ्यात भाव घसरला होता. अकराशे रुपये गेले. काकांनी प्लेट खाली ठेवली, बोलले काहीच नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

प्रोग्राम सी प्लस प्लस या वेगवान भाषेत लिहायचा हट्ट माझा होता. जोडीदार पहिल्या दिवसापासून पायथन म्हणत होता, ती सोपी पण हळू भाषा. जुन्या भावांवरची चाचणी त्यानं पायथनची पांडाज लायब्ररी, म्हणजे तयार कोड, वापरून आठवड्यात करून दाखवली होती. मी वेगासाठी सी प्लस प्लस वापरणाऱ्या मोठ्या फर्मचे दाखले द्यायचो. त्यांचे सर्व्हर एक्स्चेंजच्याच आवारात, को-लोकेशनमध्ये असतात, हे सोयीनं विसरायचो. ब्रोकर पायथनची तयार लायब्ररी देत होता, सी प्लस प्लसची नाही. म्हणून ब्रोकरशी सतत जोडणी (वेबसॉकेट), त्याचे निरोप वाचणं (जेसन), लॉगिन सगळं मीच लिहिलं. अडीच महिने गेले. त्यातच एक फंक्शन होतं: तीन सेकंदांत उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठव, असं एकूण तीनदा. भाव मागवायला ते ठीक. मी ऑर्डरलाही तेच लावलं. ऑर्डर पहिल्याच वेळी पोचली होती, अडकलं होतं फक्त उत्तर.

हे काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "फोनवर सौदा करता करता लाइन कटली, तर आम्ही पहिले विचारतो, झाला का जी? एकदम दुसरा सौदा नाही बोलत. तुमच्या मशीनले हे कोणी शिकवलं नाही काय?"

साडेतीनला बाजार बंद झाल्यावर लॉग काढून बसलो. घ्यायचं की नाही हे ठरवायला माझ्या प्रोग्रामला 60 मायक्रोसेकंद (0.06 मिलीसेकंद) लागत होते, जोडीदाराच्या पायथनला 4 मिलीसेकंद. मी खूश होणार, तेवढ्यात त्यानं पुढच्या रकान्यावर बोट ठेवलं: ब्रोकरचं उत्तर यायला सरासरी 110 मिलीसेकंद. नागपूर ते मुंबई आठशे किलोमीटर केबल धरली तर फायबरमधून प्रकाशालाच जाऊन-येऊन 8 मिलीसेकंद लागतात. तिथे माझी भाषा काय करणार? आणि एवढी धावपळ पाच मिनिटांतून एकदा घ्यायच्या निर्णयासाठी.

दहा दिवसांत सगळं पायथनमध्ये आणलं. आता प्रत्येक ऑर्डरला आमची खूण असते, आणि उत्तर नाही आलं तर आधी ऑर्डर बुक, म्हणजे ब्रोकरकडची आमच्या ऑर्डरींची यादी, बघायचं. पायथननंही चटका दिलाच. भाव पाच पैशांच्या पटीत आहे का, हे तपासणारी आमचीच ओळ बरोबर ऑर्डर अडवत होती, कारण 0.05 गुणिले 3 म्हणजे तिथे 0.15000000000000002. तेव्हापासून भाव पूर्णांकात, पैशांत ठेवतो.

काकांचा फोन अजूनही रोज 9 वाजून 21 मिनिटांनी येतो. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"शंभरच नं?"