कफाखाली गुदमरणाऱ्या पेशी

आजचा सगळा दिवस सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांच्या श्वासनलिकेवरील संशोधन वाचण्यात गेला. ज्या पेशी आयुष्यभर हवेच्या काठावर राहतात, त्यांनाच प्राणवायू कमी पडावा, हे मला फार विचित्र वाटले.

या आजारामागच्या, १९८९ मध्ये सापडलेल्या सीएफटीआर जनुकात दोष असला की पेशींतून क्लोराइड आणि बायकार्बोनेट नीट बाहेर पडत नाहीत, पृष्ठभागावरचा पाण्याचा पातळ थर आटतो आणि कफ इतका घट्ट होतो की पेशींवरील सूक्ष्म केसांना तो पुढे ढकलता येत नाही. या साचलेल्या कफात स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू ठाण मांडतो. त्याला मारायला धावून आलेल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी स्वतःच भरमसाट प्राणवायू वापरतात, त्यामुळे कफाच्या आतल्या थरांत तो जवळजवळ संपतो. जिवाणू मात्र प्राणवायूऐवजी नायट्रेटच्या आधारे श्वसन चालू ठेवतो आणि भोवतीचे अल्जिनेटचे चिकट आवरण वाढवतो. बचावाची फौजच शत्रूची सोय करते, म्हणायचे!

मला अधिक अस्वस्थ केले ते वेगळ्याच गोष्टीने. जिवाणूंचा संसर्ग नसतानाही, कफाने कोंडलेल्या जागी प्राणवायूअभावी मरणाऱ्या पेशींतून इंटरल्युकिन-१ अल्फा हे दाहाचा संदेश देणारे प्रथिन बाहेर पडते आणि शेजारच्या पेशी दाह सुरू करतात. प्रतिजैविके जिवाणू मारतात, हा दाह त्यांच्या आवाक्यातला नाही. म्हणून छाती मोकळी ठेवण्याचे उपचार संसर्गाची वाट न पाहता लहानपणापासूनच करण्याला मला आता जास्त महत्त्व वाटते.