मागचा डावा ड्रम पुन्हा पुन्हा का भिजत होता

वाशीच्या बाजार समितीतून पहाटे भाजी उचलून ती ठाण्यात जांभळी नाक्यावर पोहोचवण्याचे काम मी चौदा वर्षे जुन्या पिकअपवर करतो. गेल्या पावसाळ्यात ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढू लागली आणि गाडी रिकामी असताना जोरात थांबवली, तर मातीवर फक्त उजव्या मागच्या चाकाची घसट उमटत असे. डावे चाक जवळजवळ काहीच काम करत नव्हते.

तुर्भ्याच्या एका गॅरेजमध्ये चाकातला ब्रेकचा गोल ड्रम उघडला, तेव्हा डावे लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे अस्तर, तेलाने काळे पडलेले दिसले. मिस्त्रींनी ब्रेक ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमवर ढकलणारा व्हील सिलिंडर गळत असल्याचे सांगून तो बदलला आणि नवे लायनर बसवले. तीन आठवडे गाडी ठीक चालली, मग पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेला पुन्हा सिलिंडरच्या रबरांचे किट आणि पुन्हा लायनर असा खर्च झाला, परंतु महिनाभरात चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचा ओघळ आलाच. भरलेली गाडी घेऊन कळव्याच्या पुलावरून उतरताना माझा जीव अक्षरशः मुठीत असे.

शेवटी एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेल्या शेजारच्या काकांना मी गाडी दाखवली. त्यांनी पाना हातात घेण्याआधी एकच प्रश्न विचारला, "ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी किती उतरली रे?" मी बॉनेट उघडून पाहिले, तर दीड महिन्यापूर्वी मी स्वतः केलेल्या खुणेवरच तेल स्थिर होते. व्हील सिलिंडर इतका गळत असता, तर डबीतले तेल उतरल्यावाचून राहिले नसते, ही साधी गोष्ट आम्हा कोणाच्याच ध्यानात आली नव्हती.

पुढच्या चाकांना ठोकळे लावून, हँडब्रेक सोडून आणि गाडी घोडीवर (लोखंडी टेकूवर) घेऊन आम्ही ड्रम काढायला लागलो. तो गंजाने धरून बसला होता. ड्रमच्या तोंडावर दोन आटे असलेली भोके असतात. त्यांत ८ मिलिमीटरचे दोन बोल्ट घालून ते आळीपाळीने थोडे थोडे आवळत गेल्यावर ड्रम आपोआप बाहेर सरकला. आतला भुगा हवेने उडवू नये असे काकांनी बजावले, कारण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसांत जाते. म्हणून आम्ही सगळे पाण्याने ओले करून पुसले.

मग काकांनी स्टीलच्या वाटीत पाणी घेतले आणि ड्रममागच्या तबकडीवरचे, म्हणजे बॅकप्लेटवरचे, तेल बोटाने निपटून त्यात सोडले. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळते. हे तेल मात्र वर तरंगले आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येत होता. म्हणजे ते गिअर ऑइल होते, डिफरन्शियलमधून (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्यातून) एक्सलच्या, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या, सीलमार्गे ड्रममध्ये आलेले. सिलिंडरचे रबरी बूट उलगडून पाहिले, तर आत कोरडे ठणठणीत.

सील का हार मानत होते, याचे उत्तर एक्सलच्या वरच्या बाजूस सापडले. तिथे आतल्या हवेला ये-जा करू देणारा बोटाच्या पेराएवढा ब्रीदर असतो, तो चिखलाने गच्च बुजला होता. गाडी धावली की आतली हवा तापून फुगते आणि वाट न मिळाल्याने तेलाला सीलमधून बाहेर रेटते. उलट विटाव्याला रेल्वेपुलाखाली साचलेल्या थंड पाण्यातून तापलेला एक्सल गेला की आतली हवा आक्रसते आणि सीलजवळून पाणी ओढले जाते. डिफरन्शियलचा ड्रेन बोल्ट काढला, तेव्हा आलेले तेल पाणी मिसळून दुधाळ झालेले होते. मला त्या क्षणी राग आला तो पैशांसाठी नव्हे, तर एवढ्या काळात मी ती गाडी गर्दीतून चालवत होतो म्हणून.

ब्रीदर डिझेलमध्ये धुऊन तारेने साफ केला, एक्सल काढून नवे सील बसवले आणि डिफरन्शियलमध्ये ताजे तेल भरले. तेल प्यालेले लायनर कितीही धुतले तरी भरवशाचे राहत नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंचे लायनर नवे घेतले. एकाच चाकाचे बदलले असते, तर गाडी पुन्हा ओढली असती. ड्रम वागळे इस्टेटमधल्या लेथवाल्याकडे तपासून घेतले, कारण ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासापलीकडे तो गेला असेल, तर त्याला टर्न न करता (लेथवर आतून न कातता) बदलावाच लागतो. आमचे दोन्ही ड्रम मापात होते. लायनर आणि ड्रममधले अंतर जुळवणाऱ्या ॲडजस्टरची दातेरी चक्री गंजून जखडली होती, ती मोकळी करून लायनर ड्रमला जेमतेम टेकेल इतपत फिरवली आणि हँडब्रेकची केबल त्यानंतरच ताणली.

मातीच्या मोकळ्या जागेत रिकाम्या गाडीचा ब्रेक दाबून पाहिला, तेव्हा मागे दोन सारख्या खुणा उमटल्या. पुढच्या महिन्यात मी डावा ड्रम पुन्हा उघडला. बॅकप्लेटवरून फिरवलेले बोट कोरडे निघाले.